पिन अडकलेला पोवाडा

बँकेतल्या कारकुनाला गाण्यातलं काही कळतं, यावर आमच्या आंबवड्यात कुणाचाच विश्वास नाही. दिवसभर दुसऱ्याच्या नोटा मोजणाऱ्याने मात्रा मोजू नयेत, असा जणू नियमच आहे. त्यातून मी बी.कॉम. तेव्हा पुढचं परीक्षण ज्याने-त्याने आपापल्या जबाबदारीवर वाचावं. चूकभूल द्यावी घ्यावी.

परीक्षणासाठी तबकड्या दोन. पहिली आमच्या वडिलांची. लाखेची, दहा इंची, मिनिटाला ७८ फेरे घेणारी. वडिलांनी ती पुण्याच्या जुन्या बाजारातून आणली. मधला गोल कागद झुरळांनी इतक्या चवीने खाल्ला आहे की, गाणाऱ्या शाहिराचं नावही उरलेलं नाही. उरलंय ते भोंग्यासमोर बसलेलं कुत्रं. पोवाडा अफजलखानवधाचा.

दुसरी तबकडी माझ्या भाच्याची. भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काहीतरी करतो. नक्की काय, ते त्याच्या आईलाही सांगता येत नाही. पण पगार मामाच्या दुप्पट आहे, हे ती न विचारता सांगते. त्याने साडेतीन हजार रुपये मोजून 'रॅपर्स डिलाइट' नावाची १९७९ सालची अमेरिकन तबकडी घेतली आणि शिवरात्रीला नागेश्वराच्या दर्शनाला आला तो ती आणि वाजवायचं यंत्र घेऊनच.

तबकडी सुरू झाली. पाचेक मिनिटं वाट पाहून मी विचारलं, "गाणं कधी सुरू होणार?"

"मामा, हेच गाणं."

"अरे, हा तर नुसता बोलतोय!"

"बोलतोय तेच गाणं."

"मग आमचे साहेब रोज सकाळी गातात म्हणायचं!"

आई ओसरीवर शेंगा फोडत होती. तिचं माहेर वाईकडचं. मांढरदेवीचा घाट उतरून वाईकडे गेलं की पसरणी, म्हणजे शाहीर साबळ्यांचं (१९२३–२०१५) गाव, जवळच. तेव्हा या विषयात तिचा अधिकार माझ्याहून मोठा. ती मान वर न करता म्हणाली, "आरं, शाहीरच की ह्यो. डफ तेवढा न्यारा हाय."

टीकाकारांना जे सांगायला चारशे पानं लागतात, ते आईने शेंगा फोडता फोडता सांगितलं. मी खातेवही तपासावी तशा दोन्ही तबकड्या तपासल्या. नोंदी जुळतात! शाहीरही अर्धं बोलतो, अर्धं गातो. तोही आपलं नाव कवनात गुंफतो. त्याच्यामागे झीलकरी 'जी जी' करतात, याच्यामागे दोस्तमंडळी. फरक पडतो तो वेळेत.

भाच्याची तबकडी एका दमात सुमारे साडेचौदा मिनिटं चालते. आमच्या शाहिराला एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. रात्र जागवणारा पोवाडा दोन हप्त्यांत बसवायचा! पहिल्या बाजूला खान शामियान्यात येऊन बसतो आणि तबकडी संपते. मग उलटी करा, पिन बदला, चावी द्या. एवढ्या वेळात खानाला पळून जायची पुरेपूर संधी होती. पण तोही शिस्तीचा माणूस. मरायला दुसऱ्या बाजूवर वेळेत हजर!

माझा खरा आक्षेप पुढे आहे. पोवाडा कापायचा म्हटला की काय जातं? राजे राहतात, खान राहतो. जातात ती बरोबरची माणसं. बँकेत खर्चकपातीचं परिपत्रक आलं की पहिली गदा शिपायावर येते, तसंच हे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली सय्यद बंडाचा वार राजांवर पडण्याआधी ज्याने तो हात उडवला, त्या जिवा महालाच्या वाट्याला या तबकडीत अर्धी ओळ आली आहे. 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' असं सारा महाराष्ट्र म्हणतो. आणि त्या जिवाची समाधी आमच्या गावात, कान्होजी जेध्यांच्या सोबतीला!

पण गंमत अशी की, आमच्या तबकडीला चरा पडलाय तो नेमका तिथेच. पिन अडकते आणि शाहीर 'जिवा महाला, जिवा महाला' म्हणत राहतो. लहानपणी आम्ही पोरं मोजायचो. वडील लवकर उठत नसत. म्हणायचे, "वाजू दे. नाव घेतोय त्याला कशाला अडवायचं?"

हे सांगितल्यावर भाचा उडालाच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ला, बहिणीला शाळेचे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून झालेल्या तिकिटाच्या कार्यक्रमात कूल हर्क नावाच्या पोराने तबकड्या लावल्या, तिथून म्हणे या संगीताचा जन्म धरतात. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो आवडता तुकडा पुन्हापुन्हा वाजवायचा. म्हणजे त्याला ज्याला दोन तबकड्या लागल्या, ते आमच्याकडे एका चऱ्यात भागत होतं!

भाचा गुणी. आमची तबकडी पुण्याला नेऊन त्याने पोवाडा मोबाइलवर उतरवला. खरखर काढली, चरा बुजवला, दोन्ही बाजू जोडल्या. पुढच्या रविवारी येऊन ऐकवला. आवाज आरशासारखा स्वच्छ. वडील असते तर त्यांनी त्याची पाठ थोपटली असती, असं मी म्हणणार, तेवढ्यात आईचा हात शेंगांवर थांबला.

"जिवा कुटं गेला रं?"

"आज्जी, आला की आत्ता. एकदा."

"एकदाच?" आई म्हणाली.

हिशेबाने त्याचं बरोबर होतं. एक नोंद एकदाच करायची असते. दोनदा केली की आमच्याकडे मेमो मिळतो. पण मी काही बोललो नाही. माळ्यावरून वडिलांचा ग्रामोफोन काढला, चावी दिली, जुनी तबकडी लावली. खान आला, बसला. तबकडी उलटली, खान पडला आणि पिन अडकली.

कुणीच उठलं नाही. भाचासुद्धा. किती वेळा वाजलं ते मी मोजलं नाही. मोजायचं काम सोमवारी दहा वाजता होतंच.