कडी लावल्यानंतर

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दार दिवसभर उघडंच असायचं. भर दुपारी कडी लावली, तर शेजारची काकू हाक मारून विचारायची, ‘काय गं, बरं नाही का?’ रात्री पुरुषमाणसं गॅलरीत पथारी टाकत. १९६८ च्या ऑगस्टमध्ये या सगळ्या वळकट्या आत आल्या, असं आजी सांगायची. एका खोलीत नऊ माणसं, बाहेर पाऊस, आणि कडी कमी पडेल म्हणून दाराला आतून पाटा टेकवलेला. आजोबा गिरणीतून रात्रपाळी करून सुटले की एकटे येत नसत. पाच-सहा जण मिळून, हातात काठ्या घेऊन यायचे. आमच्या पिढीच्या वाट्याला त्या भीतीमागच्या खुन्याचं फक्त नाव आलं. ‘जेव गुमान, नाहीतर रामन राघव येईल.’

त्यामुळे अनुराग कश्यपचा ‘रामन राघव २.०’ जून २०१६ मध्ये लागला, तेव्हा मी आजीचा बागुलबुवा बघायला म्हणून गेलो. चित्रपटाने सुरुवातीलाच फसवलं. खऱ्या रामन राघवची माहिती पाटीवर येते, आणि लगेच दुसरी पाटी सांगते की ही गोष्ट त्याची नाहीच. आजच्या मुंबईतला रामन्ना नावाचा कुणी एक जण त्या जुन्या खुन्याला गुरू मानून निघाला आहे, त्याची ही गोष्ट. कश्यपला खरं तर साठच्या दशकातलीच करायची होती. पण आदल्या वर्षी जुनी मुंबई उभी करणारा त्याचा महागडा ‘बॉम्बे वेल्व्हेट’ साफ पडला होता, दुसऱ्यांदा तसा काळ उभारायला पैसे कोण देणार? गोष्ट आजच्या काळात आली ती अशी. माझ्या मते हे फार चांगलं झालं. ट्रामा, ॲम्बेसेडर आणि पिवळट रंग यांऐवजी जय ओझाच्या कॅमेऱ्याला खऱ्या गल्ल्या मिळाल्या. एक माणूस चालला तर दुसऱ्याने भिंतीला चिकटून उभं राहावं, एवढ्याच रुंदीच्या.

या चित्रपटाची खरी करामत कानांसाठी आहे. रामन्नाच्या हातात एक वाकलेली लोखंडी सळई असते आणि ती तो रस्त्यावरून फरफटत नेतो. बस्स, तेवढाच आवाज. तो एकदा कानात बसला की पुढे सळई दिसायची गरज उरत नाही. खून बहुतेक पडद्याबाहेरच होतात. आपल्यापर्यंत पोहोचतो तो धपका, आणि नंतरची शांतता. चाळीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. पलीकडच्या खोलीत काय चाललंय हे आम्ही कधी पाहिलं नाही, ऐकलं मात्र सगळं. कुणाचा नवरा पिऊन आला, कुणाच्या घरी मार पडला, कुणाचा खोकला वाढला. भिंतीपलीकडचं न दिसणं हीच त्यातली भीती असते, आणि कश्यपने नेमकी तीच उचलली आहे.

बहिणीचं प्रकरण तर चित्रपटाचा गाभा. रामन्ना बऱ्याच वर्षांनी बहिणीकडे येतो. घरात तिचा नवरा आहे, लहान मुलगा आहे. अमृता सुभाष ही बहीण, लक्ष्मी. ‘श्वास’मधली, ‘किल्ला’मधली अमृता आपल्या चांगल्या ओळखीची. इथे तिच्या वाट्याला मोजके प्रसंग आहेत, पण भावाला पाहिल्या क्षणी तिच्या चेहऱ्यावर जे उमटतं त्यात दोघांचं सगळं बालपण येऊन जातं. नवऱ्याला ते ठाऊक नाही, मुलाला तर नाहीच. त्यांच्या दृष्टीने पाहुणा आला आहे. लक्ष्मीला एवढंच हवंय की हा लवकर जावा, आणि तरी घरात आलेल्या भावाशी बोलावं लागतं तसं तिला बोलावं लागतंय. आमच्याकडे खोलीतून कोंबडीच्या वाटणाचा वास आला की कुणीतरी खास आलंय हे आख्ख्या मजल्याला कळायचं. या घरातही कोंबडी आहे, आणि तिच्या वासाने पोटात गोळा येतो.

ही कोंबडी मूळ इतिहासातली. १९६५-६६ मध्ये जीआयपी लाइनच्या कडेने उघड्यावर झोपलेल्या माणसांवर हल्ले झाले. (मध्य रेल्वे हे नाव आजीच्या तोंडी कधी बसलंच नाही.) त्या वेळी रामन राघव पोलिसांना सापडलाही होता, पण पुरावा नव्हता म्हणून सुटला. १९६८ मध्ये खून पुन्हा सुरू झाले, आणि २७ ऑगस्टला उपनिरीक्षक ॲलेक्स फियाल्हो यांनी त्याला डोंगरीत ओळखून धरला. तपास रमाकांत कुलकर्णींकडे होता. पठ्ठ्या काही केल्या बोलेना. शेवटी काय हवं विचारल्यावर म्हणाला, कोंबडी. पोटभर खाऊन झाल्यावर खोबरेल तेल, कंगवा आणि आरसा मागितला. अंगभर तेल चोळलं, भांग पाडला, आरशात पाहिलं, आणि मग कबुली दिली. श्रीराम राघवन यांनी रघुवीर यादवला घेऊन १९९१ मध्ये केलेली ‘रामन राघव: अ सिटी, अ किलर’ ही व्हिडिओ-फिल्म या खऱ्या तपासाच्या मागे जाते. माहितीपट आणि नाट्य यांच्या मधली ती साधी, चिवट फिल्म ज्यांनी पाहिली नसेल त्यांनी शोधून पाहावी.

नवाजुद्दीन सिद्दीकीचं कौतुक बरंच झालं आहे, आणि ते योग्यच आहे. डोळे वटारण्याच्या वाटेला तो जात नाही. नाक्यावर काडेपेटी मागणाऱ्या माणसाइतक्या सहज बोलतो, मधूनच हसतो, आणि आपण हसून बसल्यावर आपलीच लाज वाटते. माझी तक्रार दुसऱ्या अर्ध्या भागाबद्दल आहे. विकी कौशलचा राघवन हा पोलीस अधिकारी नशेच्या आहारी गेलेला, बापाच्या धाकात वाढलेला, बायकांशी क्रूर. खुनी आणि पोलीस ही एकाच माणसाची दोन तोंडं, असं चित्रपटाला म्हणायचंय. हरकत नाही, पण ते रामन्ना स्वतःच्या तोंडाने इतक्यांदा सांगतो की आपण शोधायचं काही उरत नाही. राघवनच्या घरात पार्श्वसंगीत वाढतं, प्रकाश रंगीबेरंगी होतो आणि भीती पातळ होते. राघवनची मैत्रीण सिमी झालेली शोभिता धुलिपाला चांगलं काम करते, पण तिला मार खाण्यापलीकडे फारसं काही दिलेलं नाही. लक्ष्मीला निदान एक भूतकाळ तरी आहे.

खऱ्या रामन राघवला फाशी झाली नाही. मनोविकारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर ती शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने गेला. आजीला ही बातमी कुणी सांगितलीच नसावी, कारण त्यानंतरही धाकट्या भावंडांना ती त्याच्याच नावाने जेवू घालत होती.

चित्रपट घरी पाहणार असाल तर आवाज मोठा ठेवा. आणि बहिणीच्या प्रकरणात नवाजुद्दीनवर नजर खिळू देऊ नका, अमृता सुभाषकडे बघा.