‘स्मृतिचित्रें’तील सोशिकपणा : एक शंका

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथाचे भाग १९३४ पासून प्रसिद्ध होऊं लागले. दुःख नम्रपणें पत्करणें हा ख्रिस्ती भक्तिमार्गांत मोठा गुण असल्यामुळें, लक्ष्मीबाई म्हणजे त्या गुणाची मूर्तीच, असें पुष्कळ वाचक समजतात. आमच्या मतें ही स्तुति ग्रंथावर अन्याय करणारी आहे.

रे. टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनीं १९०० सालीं. मधल्या वर्षांची हकीकत हा ग्रंथाचा गाभा होय. ती प्रसिद्ध झाली तेव्हां लेखिकेस ख्रिस्ती होऊन जवळजवळ तीन तपें लोटलीं होतीं. त्या सर्व दुःखावर ‘ईश्वरी योजना’ अशी मुद्रा मारून मोकळें होणें त्यांस सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. त्या वेळचा आकांत, राग, सोंवळ्याची ओढ, नवऱ्याविषयींची माया, सर्व जसेंच्या तसें ठेविलें. नंतरच्या श्रद्धेनें आधींची साक्ष बदलावयाची नाहीं, हा संयम आमच्या बखरकारांस क्वचितच साधला!

शिवाय टिळकांनीं दारिद्र्य स्वतः निवडलें. त्याची झळ पत्नीस मात्र तिला न विचारतां पोंचली. पहिल्यास त्याग म्हणावें. दुसऱ्यास तेंच नांव देणें प्रशस्त वाटत नाहीं. लक्ष्मीबाई पतीच्या औदार्याचा गौरव करितात, आणि त्याच ओघांत रिकाम्या घराचा हिशेबही हंसत मांडतात. वडिलांच्या सोंवळ्यानें घरास झालेला जाचही त्या असाच सांगतात. तेव्हां ही वृत्ति बाप्तिस्म्यानें आलेली नव्हे, माहेराहून आणलेली आहे.

वेदान्ती ‘तितिक्षे’चें लक्षण करितांना विलाप वर्ज्य मानितात. पण हा शब्द ज्या ‘तिज्’ धातूपासून होतो, त्याचा धातुपाठांतील अर्थ धार लावणें असा आहे. बाईंस तोच अधिक शोभतो. ख्रिस्ती शास्त्रासही विलाप निषिद्ध नाहीं. प्रत्यक्ष ख्रिस्तानें गेथशेमाने येथें प्याला टळावा अशी प्रार्थना आधीं केली, पित्याची इच्छा मग स्वीकारली.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्या लातूर भागांत किल्लारीचा भूकंप होऊन हजारों माणसें गेलीं. ‘देवाची इच्छा’ हे शब्द ज्याचें घर पडलें त्यानें उच्चारणें निराळें, आणि भेटीस आलेल्यानें उच्चारणें निराळें, हें तेव्हां जवळून पाहिलें. लक्ष्मीबाईंचे स्तुतिकार बहुधा भेटीस आलेले असतात.

टिळकांच्या हातून अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ही लक्ष्मीबाईंनींच पुरें केलें. त्यांतील ख्रिस्ताचा दुःखभोग आणि ‘स्मृतिचित्रें’तील त्यांचा स्वतःचा, हे दोन्ही शेजारीं ठेवून कोणी तपासावयास हवे.