‘अनुभवामृतां’तील निषेध

ज्ञानदेवांच्या या दशप्रकरणात्मक ग्रंथाच्या पांचव्या प्रकरणांत सत्, चित् व आनंद या पदत्रयाचा विचार आहे. कांति, काठिण्य आणि कनक मिळून सोनें एकच, तशींच हीं पदें. पुढें ग्रंथकार म्हणतो कीं, तीं वस्तूचें वर्णन करीत नाहींत. असत्, जड व दुःख यांची केवळ व्यावृत्ति करितात. एवढ्यावरून ज्ञानदेवांस निषेधवादी ठरविणें आम्हांस मान्य नाहीं.

ईश्वराविषयीं निषेधमुखानेंच बोलतां येतें, असें बाराव्या शतकांत यहुदी पंडित मैमोनिदीस यानेंही प्रतिपादिलें. परंतु त्याचा निषेध अखेरपर्यंत प्रमाण राहतो. तैत्तिरीयभाष्यांत शंकराचार्य ‘अनंत’ पदास केवळ व्यावृत्तिपर मानितात; सत्य व ज्ञान हीं पदें स्वार्थ सांगूनच इतरांस वारितात, असा त्यांचा विवेक आहे. ज्ञानदेवांचा प्रश्न निराळाच: जेथें असत् मुळीं नव्हतेंच, तेथें व्यावृत्ति कोणाची? फळ धरतांच फूल सुकावें तसें निषेधक पदही गळून पडतें. सहाव्या प्रकरणांत शब्दाची दर्पण म्हणून आधीं मुक्तकंठानें स्तुति आहे. मग, अविद्याच नाहीं तर तिचा नाश केल्याचें श्रेयही शब्दास नाहीं, असा निकाल आहे.

मग हा शून्यवाद काय? कांदिवलीपासून जवळच कान्हेरीचीं बौद्ध लेणीं आहेत, त्यामुळें ही शंका आमच्या मनांत वारंवार येते. चौथ्या प्रकरणांत तिचें उत्तर सांपडतें. सर्वच नाहीं म्हटलें, तरी तें ‘नाहीं’ जाणणारा उरतोच. हा युक्तिवाद आम्हांस ग्रंथांतील सर्वांत बळकट वाटतो. त्याच्या मानानें सातव्या प्रकरणांतील अज्ञानखंडन फार लांबलें आहे. एकाच मुद्द्यावर दृष्टांतांची रास पडते आणि तर्क मागें राहतो. डॉ. बहिरट यांनीं १९५६ सालच्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत याच खंडनाच्या आधारें ज्ञानदेवांचा स्फूर्तिवाद मायावादाहून वेगळा काढिला. तो निष्कर्ष आम्हांस ग्राह्य वाटतो.

शब्दास कार्यच नाहीं, तर दहा प्रकरणें कां लिहिलीं? निवृत्तिनाथांनीं दिलेलें सुख निवांतपणें भोगावयाचें होतें. परंतु सूर्यास दिलेलें तेज एकट्या सूर्यासाठीं नसतें, असें दहाव्या प्रकरणांत उत्तर आहे. हें उत्तर तर्काचें नव्हे, औदार्याचें आहे.

पोथ्यांच्या याद्या करणारांस एक सूचना. ग्रंथकाराचें स्वतःचें नांव ‘अनुभवामृत’ आहे, ‘अमृतानुभव’ हें लोकरूढ. याद्यांत दोन्ही नोंदवावीं. आरंभीं पांच संस्कृत श्लोक आहेत. केवळ पहिलें पान पाहून पोथी संस्कृतांत घालूं नये.

कांदिवली