सस्पेंड झालेला डिटेक्टिव्ह

गुप्त पोलिस हा मराठी वाचकाच्या घरोब्यातला माणूस आहे. बाबुराव अर्नाळकरांनी त्याला आपल्याकडे आणला आणि हजारावर रहस्यकथा लिहून त्याचा मुक्काम कायमचा करून टाकला. झुंजार आणि काळा पहाड ही नावे ज्या घरात कधी उच्चारली गेली नाहीत, असे घर एके काळी शोधूनच काढावे लागले असते. पुढे सुहास शिरवळकरांच्या फिरोज इराणीने आणि दारा बुलंदने ती गादी चालविली. थोरल्यांनी रागवायचे आणि धाकट्यांनी पाठ्यपुस्तकाच्या आड धरून वाचायचे, असा या पुस्तकांचा संसार होता. रागावणाऱ्या थोरल्यांच्या उशाखालीही कधीकधी तीच पुस्तके सापडत, ही गोष्ट निराळी.

या सर्व नायकांची एक खूण समान आहे. ते हरत नाहीत. खून होतो, संशयाची सुई चारचौघांवरून फिरते, नायक एकदोनदा संकटात सापडतो. पण शेवटच्या प्रकरणात तो सर्वांना एका खोलीत जमवितो आणि बोट दाखवितो. बोट दाखविले की काम झाले! पुढे पोलिस आहेत, कोर्ट आहे, ते आपले बघून घेतील. सत्य कळणे आणि न्याय होणे या दोन गोष्टींत काही अंतर असेल, अशी शंका या कथांना शिवत नाही. म्हणूनच त्या वाचून झोप छान लागते.

अमेरिकेत मात्र १९३० च्या सुमारास या कथेला निराळे वळण लागले. डॅशिएल हॅमेट हा लेखक पिंकर्टन या खाजगी हेरसंस्थेत नोकरी केलेला. त्याला त्या धंद्यातली घाण ठाऊक होती. त्याने आणि रेमंड चँडलरने गुप्त पोलिसाला श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून उठवून रस्त्यावर आणले. त्यांच्या नायकाच्या खिशात पैसा नसतो. तो मार खातो, दारू पितो. आणि ज्या बाईने काम दिलेले असते तिच्यावर त्याला विश्वास ठेवता येत नाही व ठेवल्यावाचून राहवतही नाही. हॅमेटच्या 'द मॉल्टीज फाल्कन'चा जॉन ह्यूस्टनने १९४१ साली चित्रपट केला. महायुद्ध संपल्यावर अशा जातीचे पुष्कळ अमेरिकन चित्रपट एकदम पॅरिसला पोहोचले, तेव्हा १९४६ मध्ये तेथील समीक्षकांनी त्यांना 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, असे नाव दिले. आपल्याकडे 'बाजी' (१९५१) आणि 'सी. आय. डी.' (१९५६) यांच्यावर त्या काळोखाची सावली पडलेली दिसते. पण त्यांतली गाणी इतकी गोड की काळोखाचे भय वाटू नये. मराठीत राजा परांजपे यांचा 'पाठलाग' (१९६४) हा उत्तम रहस्यपट झाला, त्यावरून हिंदीत 'मेरा साया' (१९६६) निघाला. तथापि तोही गाठ सोडविणाराच चित्रपट. गाठ सुटली तरी दोर गळ्याभोवती तसाच राहतो, हे सांगणारा चित्रपट आपल्याला पुष्कळ उशिरा मिळाला.

तो म्हणजे २००७ सालचा 'मनोरमा सिक्स फीट अंडर'. नवदीप सिंग यांचा हा पहिलाच चित्रपट. नाव अर्धे इंग्रजी, भाषा हिंदी, गाव राजस्थानातले आणि तेही काल्पनिक. मग जळगाव-धुळ्याच्या वाचकांपुढे त्याचे पुराण कशाला, असे कोणी विचारील. पण या लाखोट गावात पाच मिनिटे वावरले की आपल्याला ओळखीच्या खुणा पटू लागतात. रणरणते ऊन, दुपारी बंद झालेली दारे, कोरडी जमीन, आणि पाणी येणार येणार म्हणून वर्षानुवर्षे ऐकलेली भाषणे. मे महिन्यात भुसावळच्या फलाटावर ज्याने गाडीची वाट पाहिली आहे, त्याला लाखोट समजावून सांगावे लागत नाही.

नायक सत्यवीर (अभय देओल) हा सार्वजनिक बांधकाम खात्यातला ज्युनिअर इंजिनिअर. लाच घेतल्याबद्दल सस्पेंड होऊन घरी बसलेला. नोकरीबरोबर त्याला लेखनाचाही नाद. 'मनोरमा' नावाची एक डिटेक्टिव्ह कादंबरी त्याने छापून आणली आणि ती जेमतेम खपली. म्हणजे अर्नाळकरांच्या परंपरेतलाच, पण अपयशी! एके रात्री एक बाई (सारिका) त्याच्याकडे येते, आपण मंत्री राठोड यांची पत्नी असल्याचे सांगते, आणि नवऱ्यावर पाळत ठेवून फोटो काढण्याचे काम देते. राठोड (कुलभूषण खरबंदा) हे जुन्या संस्थानिक घराण्यातले, आता पाटबंधारे खात्याचे मंत्री. सत्यवीर फोटो काढतो, पैसे घेतो. आणि मग कळते की ती बाई मंत्र्याची पत्नी नव्हतीच. ती पुन्हा भेटते तेव्हा भेदरलेली असते. आपले नाव मनोरमा, वय बत्तीस, एवढे लक्षात ठेवा, असे ती त्याला विनविते. नंतर ती मरते, आणि गाव आपल्या कामाला लागते. सत्यवीरच्या मनातून मात्र ते नाव जात नाही. कादंबरीत त्याने मनोरमा निर्माण केली होती. आता खरी मनोरमा त्याच्या वाट्याला आली. पुढची गोष्ट सांगून वाचकांचा रसभंग करणार नाही.

हा चित्रपट रोमन पोलान्स्कीच्या 'चायनाटाउन' (१९७४) वरून बेतलेला आहे, हे उघड आहे. चित्रपटकर्त्यांनीही ते झाकलेले नाही. त्यांच्या चित्रपटातच एका ठिकाणी दूरदर्शनसंचावर 'चायनाटाउन' चाललेला दिसतो. तेवढ्यावरून 'नक्कल' म्हणून नाक मुरडणारे समीक्षक निघाले. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले ते १८८३ साली, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला तो १८९० साली. आपल्या रंगभूमीचे अर्धे वैभव अशा बेतण्यावर उभे आहे. प्रश्न एवढाच, की कापड परक्याचे असले तरी अंगरखा इथल्या माणसाच्या अंगाला बसतो की नाही?

'चायनाटाउन'च्या मुळाशी खरा इतिहास आहे. लॉस एंजेलिस शहराने ओवेन्स खोऱ्यातले पाणी सुमारे पावणेचारशे किलोमीटरांच्या कालव्याने ओढून नेले. तो कालवा १९१३ साली पुरा झाला, आणि खोऱ्यातल्या शेतकऱ्यांचे मळे सुकले. रॉबर्ट टाउनने ती हकीकत १९३७ सालात आणून तिच्याभोवती एका खाजगी डिटेक्टिव्हची गोष्ट रचली, आणि पटकथेचे ऑस्कर मिळविले. या गोष्टीतला गिटिस (जॅक निकल्सन) चांगल्या शिवणीचे कपडे घालणारा, स्वतःच्या हुशारीवर खूश असलेला माणूस. त्याला वाटते आपण सर्व ओळखले. प्रत्यक्षात त्याच्या प्रत्येक पावलाने ज्या बाईला वाचवायचे ती संकटात अधिक खोल जाते. शेवटी त्याला सर्व कळते आणि काहीही करता येत नाही.

नवदीप सिंग यांनी ही गोष्ट उचलताना जो फरक केला, तो मला फार मोलाचा वाटतो. गिटिस बाहेरचा माणूस आहे. पाणी चोरणाऱ्या यंत्रात त्याचा हात नाही. सत्यवीर त्या यंत्राचाच एक बारीकसा खिळा आहे. त्याने लाच खाल्ली आहे. ज्या भ्रष्टतेचा माग तो काढतो, तिच्या पंगतीत तो स्वतः कोपऱ्यातल्या पाटावर बसलेला होता. आपल्याकडच्या गुप्त पोलिसाचे चारित्र्य धुतल्या तांदळासारखे. हा सस्पेंड झालेला ज्युनिअर इंजिनिअर मात्र आपल्या शेजारच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारा, लग्नाकार्यात भेटणारा, 'काय हो, ऑर्डर आली का?' असे ज्याला आपण हळूच विचारतो असा. त्याने सत्य शोधायला निघावे यात वीरश्री नाही. रिकामपण आहे, थोडा पैशाचा मोह आहे, आणि स्वतःविषयी बरे वाटावे ही एक केविलवाणी इच्छा आहे. अभय देओल यांनी ते फार संयमाने दाखविले आहे. मिशीखाली ओठ मिटून अपमान गिळण्याची त्यांची तऱ्हा पाहिली की सरकारी कचेरीत ताटकळलेला कोणीही मनुष्य त्यांना आपला म्हणेल.

येथे खानदेशी वाचकाला आणखी एक गोष्ट आठवेल. हेच बांधकाम खाते, हेच धुळे. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या नावाचा तरुण असिस्टंट इंजिनिअर म्हणून या भागात रुजू झाला आणि दातर्तीला पांझरेच्या पाण्यासाठी त्याने नळाचा सायफन बांधला. इंजिनिअर म्हणजे पाणी आणणारा मनुष्य, ही प्रतिमा आपण तेव्हापासून मनात धरली. पांझरेवरची फडपद्धत तर त्याच्याही पूर्वीची. बंधारे गावाचे, एका फडात एक पीक, पाणी वाटायला पाटकरी, भांडण तोडायला पंच. त्या व्यवस्थेतही लबाड्या होत असतील; माणसेच ती. पण पाणी डोळ्यांदेखत पाटातून वाहत होते. कोणाचे किती, हे बांधावर उभे राहून दिसत होते. पाणी कागदावर गेले, फाईल आणि टेंडर यांच्यामधून वाहू लागले, तेव्हा ते कोठे जाते हे शोधायला डिटेक्टिव्ह लागू लागला. लाखोटची गोष्ट तेथे सुरू होते.

सुरू होते म्हटले, कारण ती तेथे संपत नाही. पाण्याचा धागा धरून गेलेला सत्यवीर शेवटी जिथे पोहोचतो, तेथे पाटबंधाऱ्यांचा संबंध उरलेला नसतो. तेथे असतात ती ज्यांच्या वतीने तक्रार करायला कोणी नाही अशी जिवंत माणसे. चित्रपटाचा खरा काळोख हा आहे, आणि तो पाहताना जळगावकराच्या मनात १९९४ साल आल्यावाचून राहणार नाही. त्या वर्षी आपल्या शहरात मुलींच्या बाबतीत जे उघडकीस आले, त्याचा तपशील सणाच्या अंकात नको. अरविंद इनामदार आणि मीरां बोरवणकर या पोलिस अधिकाऱ्यांनी तपास केला. राजकारणातल्या माणसांवरही आरोप झाले. कितीतरी मुली साक्षीला पुढे आल्याच नाहीत. त्यांना दोष कोणी द्यावा? गाव तेच, गल्ली तीच, लग्ने त्याच बिरादरीत व्हायची. ज्या समाजात खरे बोलणाऱ्या मुलीलाच तोंड लपवावे लागते, त्या समाजात डिटेक्टिव्हने बोट दाखवून काय साधणार? पैशाच्या व्यवहारांचेही पाहा. जळगावच्या घरकुलांच्या प्रकरणात २००६ साली गुन्हा नोंदला गेला आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाचा निकाल लागला तो २०१९ मध्ये. तेरा वर्षे! शेवटच्या प्रकरणात सर्वांना एका खोलीत जमविणाऱ्या आमच्या जुन्या नायकाला एवढा धीर कोठला?

चित्रपटात दोष नाहीत असे नाही. उत्तरार्धात धागेदोरे इतके होतात, की एखादे पात्र कोणाचे कोण हे पाहणाऱ्याला मनात पुन्हा मांडावे लागते. आणि शेवटाकडे दिग्दर्शकाचा धीर सुटला आहे. इतका वेळ न बोलता दाखविलेले सगळे तेथे पात्रांच्या तोंडून समजावून सांगितले जाते. 'चायनाटाउन'चा शेवट छातीवर धोंडा ठेवतो. 'मनोरमा' तो धोंडा ठेवता ठेवता किंचित उचलून धरते. हिंदी प्रेक्षकाच्या प्रकृतीची काळजी वाटली असावी. ती काळजी फळाला आली असेही नाही. समीक्षकांनी वाखाणले तरी चित्रपटगृहांत गर्दी झाली नाही.

विनय पाठक यांचा पोलिस मेहुणा मात्र झकास. नात्याने आपला आणि खात्याने त्यांचा, अशा माणसाशी बोलताना किती सांगावे आणि किती झाकावे, हा प्रश्न आपल्याकडे घरोघरी असतो. तो त्या दोघांच्या गप्पांतून फार सहज उतरला आहे.

आणि निम्मी. गुल पनाग यांनी केलेली ही सत्यवीरची बायको मला या चित्रपटातली सर्वांत मोठी नवलाई वाटते. अमेरिकन काळ्या चित्रपटाच्या डिटेक्टिव्हला घर नसते. असते ती एक खोली, बाटली आणि टेलिफोन. त्याचे दुःख त्यामुळे एकट्याचे आणि जरासे दिमाखदारही असते. सत्यवीरला बायको आहे, लहान मुलगा आहे, महिनाअखेरीचा हिशेब आहे. निम्मी जिभेने तिखट, डोळ्याने चाणाक्ष. नवऱ्याची कादंबरी खपली नाही हे ती विसरत नाही आणि त्यालाही विसरू देत नाही. तो बाहेर कोणाकोणाच्या मागावर फिरतो आणि रात्री परततो, तेव्हा दार उघडणाऱ्या तिच्या नजरेला जी उत्तरे द्यावी लागतात, ती कुठल्याही गुंडाला द्यावी लागत नाहीत. मंत्र्यांचे गुपित शोधणारा हा मनुष्य स्वतःच्या स्वयंपाकघरात मात्र संशयित आरोपी. लाच घेतली तेव्हा त्याने तिला सांगितले होते काय, आणि घरात आलेला पैसा कशाचा हे तिने विचारले होते काय, हे चित्रपट ठासून सांगत नाही. आपल्याकडच्या कितीएक घरांतही ते कोणी विचारलेले नसते.