'द बिग परेड' : मूकपटातील प्रेम आणि ताटातूट

किंग विडॉर दिग्दर्शित 'द बिग परेड' हा अमेरिकन मूकपट १९२५ साली प्रदर्शित झाला. पहिल्या महायुद्धावरील चित्रपट म्हणूनच त्याची चर्चा अधिक होते. बेलो वूडच्या जंगलातून मृत्यूकडे संथपणे चालत जाणारे सैनिक हे त्यातील सर्वांत गाजलेले दृश्य. ही चाल विडॉरने मेट्रोनोमच्या ठोक्यावर बांधली होती. तथापि या चित्रपटाचे खरे सामर्थ्य त्याच्या प्रेमकथेत आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

जिम (जॉन गिल्बर्ट) हा अमेरिकन धनिकपुत्र, तर मेलिझांद (रने आदोरे) ही फ्रेंच शेतकरी कन्या. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. मूकपटाचा प्रेक्षकही शब्द ऐकू शकत नाही. त्यामुळे तो आपोआप या प्रेमिकांच्याच अवस्थेत जाऊन बसतो. जिम तिला च्युइंगम चघळायला शिकवतो आणि ती ते गिळून टाकते, या साध्या विनोदी प्रसंगातून जवळीक जितकी प्रत्ययाला येते, तितकी ती संवादांतून क्वचितच आली असती.

पलटणीला आघाडीवर जाण्याचा हुकूम येतो तेव्हा मेलिझांद गर्दीत जिमला शोधते. ट्रक सुटतो. ती त्याला धरून ठेवू पाहते, फरफटत जाते. तो हातातले घड्याळ फेकतो, पायातला बूट काढून फेकतो. रिकाम्या रस्त्यावर तो बूट उराशी धरून ती बसून राहते. पुढे युद्धात जिम एक पाय गमावतो, तेव्हा या बुटाचा अर्थ बदलतो. मूळ कथा लिहिणारे लॉरेन्स स्टॅलिंग्ज स्वतः बेलो वूड येथे जखमी झाले होते आणि नंतर त्यांचा पाय कापावा लागला होता, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

एक उणीव मात्र नोंदविली पाहिजे. जिमची मायदेशातील वाग्दत्त वधू त्याच्याच भावाच्या प्रेमात पडलेली दाखवून कथेने त्याला वचनभंगाच्या दोषातून फारच स्वस्तात सोडवले आहे. निवड करण्याची वेळच नायकावर येत नाही. तुलनेने शेवट अधिक प्रामाणिक वाटतो : मेलिझांद शेतात राबते आहे, दूर टेकडीवर लंगडत येणारी एक आकृती दिसते आणि ती धावत सुटते. याही वेळी दोघांना एकमेकांची भाषा येत नाहीच.