पडद्यावरील ‘ओतेल्लो’ आणि परोक्तीचा प्रश्न

शेक्सपिअरचे ‘ऑथेल्लो’ मराठी वाचकास अपरिचित नाही. महादेवशास्त्री कोल्हटकरांचे भाषांतर १८६७ चे, तर देवलांचे ‘झुंझारराव’ १८९० चे. या दोहोंच्या दरम्यान, ५ फेब्रुवारी १८८७ रोजी, जुझेप्पे व्हेर्दी यांची ‘ओतेल्लो’ ही संगीतिका मिलानच्या ला स्काला नाट्यगृहात प्रथम सादर झाली. तिची संहिता आर्रिगो बोइतो यांनी रचिली होती. पुढे १९८६ साली फ्रांको झेफिरेल्ली यांनी तिचा चित्रपट केला. प्लासिदो दोमिंगो, कातिया रिच्चारेल्ली व हुस्तिनो दियास यांनी त्यात अनुक्रमे ओतेल्लो, देस्देमोना व यागो या भूमिका केल्या असून वाद्यवृंदाचे संचालन लोरिन माझेल यांचे आहे. गायन उच्च दर्जाचे आहे. प्रारंभीचे वादळ आणि दोमिंगोंची मुद्रा यांना पडद्यावर जो परिणाम साधतो, तो नाट्यगृहातील दूरच्या आसनावरून क्वचितच अनुभवास येईल. हे सर्व मान्य करूनही एक मूलभूत आक्षेप उरतो. तो संगीताविषयीचा नसून भाषेविषयीचा आहे.

हे नाटक परोक्तीवर, म्हणजे दुसऱ्याचे बोलणे आपल्या तोंडून सांगण्यावर, उभे आहे. ओतेल्लोच्या विनाशास आवश्यक असे काहीही प्रत्यक्ष घडत नाही. ते केवळ सांगितले जाते. याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे दुसऱ्या अंकातील कास्सिओच्या स्वप्नाची हकीकत. रात्री कास्सिओ झोपला होता, आपण त्याच्या शेजारी होतो आणि झोपेत तो देस्देमोनेस उद्देशून काही पुटपुटला, असे यागो सांगतो. शेक्सपिअरच्या यागोस त्या रात्री दाढदुखीने झोप नव्हती. बोइतोंनी हा तपशील गाळला आणि अपूर्ण भूतकाळाची संथ, जवळजवळ अंगाईसारखी वाक्ये योजिली.

या हकीकतीत तीन आवरणे आहेत. बाहेरचे यागोच्या साक्षीचे, मधले कास्सिओच्या उद्गारांच्या अवतरणाचे, आणि आतले स्वप्नाचे. साक्ष तपासता येत नाही, अवतरणाची खातरजमा होत नाही आणि स्वप्न ही कृती नव्हे. आपण केवळ एक स्वप्न सांगितले, असे यागो स्वतःच म्हणतो. परंतु ते स्वप्नच वस्तुस्थिती उघड करते, असा निर्वाळा ओतेल्लो देतो. शोकान्तिकेचा कणा येथे आहे. ही तीन आवरणे ओतेल्लो एका क्षणात भेदून जातो. प्रेक्षकाने मात्र ती सांभाळावयाची असतात.

मराठीत अशा प्रसंगी ‘म्हणे’ हे अव्यय उपयोगी पडते. ‘तो काल आला’ आणि ‘तो काल आला म्हणे’ या दोन वाक्यांत घटना एकच आहे. पण दुसऱ्या वाक्यात तिची जबाबदारी वक्त्याने आपल्या अंगावर घेतलेली नाही. व्हेर्दींच्या संगीतात हे कार्य आवाजाची जात करते. कास्सिओ हा टेनर, म्हणजे उंच पट्टीचा पुरुषस्वर. यागो बॅरिटोन, म्हणजे मध्यम पट्टीचा. कास्सिओचे म्हणून सांगितलेले शब्द यागो दबलेल्या स्वरात, परंतु आपल्याच कंठाने गातो. हे शब्द कास्सिओचे नसून यागोने आणलेले आहेत, याची जाणीव त्यामुळे कानास अखंड राहते.

चित्रपटात या ठिकाणी निद्रिस्त कास्सिओ पडद्यावर दिसतो. त्याबरोबर तिन्ही आवरणे गळून पडतात आणि हकीकतीची घटना होते. कॅमेऱ्याजवळ ‘म्हणे’ नाही. दाखविलेली वस्तू ‘आहे’ असेच चित्र सांगते.

यावर असे उत्तर देता येईल की, ते दृश्य ओतेल्लोच्या कल्पनेतील आहे. हे उत्तर टिकले असते, पण चित्रपटाने आपली सवय अगोदरच लावून ठेवली आहे. बोइतोंनी व्हेनिसमधील पहिला अंक गाळल्यामुळे ओतेल्लोच्या पूर्वायुष्याचे निवेदन पहिल्या अंकाअखेरच्या प्रणयगीतात आले आहे. तेथे झेफिरेल्ली त्याच्या बालपणाची व गुलामगिरीची दृश्ये दाखवितात. ती खरी मानावयाची असतात. निवेदनाबरोबर येणारे चित्र सत्य असते, हा संकेत प्रेक्षक तेथे शिकतो. दुसऱ्या अंकात तोच संकेत यागोच्या कामी येतो. ओतेल्लो जी चूक करतो ती प्रेक्षकाकडून करवून घेणे हा सूक्ष्म हेतू असू शकेल; परंतु मग ती चूक प्रेक्षकाच्या ध्यानात आणून देणारी काही खूण पुढे हवी होती. ती आढळत नाही.

चौथ्या अंकात याच्या नेमके उलट घडते. मृत्यूपूर्वी देस्देमोना विलोवृक्षाचे गीत गाते. तेही परोक्तच आहे. आईच्या बार्बरा नावाच्या दासीचे, प्रियकराने टाकलेल्या स्त्रीचे, ते गाणे होय. येथे दुसऱ्याचे शब्द फसविण्यासाठी नव्हे, तर स्वतःचे जे दुःख थेट बोलवत नाही ते बोलण्यासाठी उसने घेतले आहेत. झेफिरेल्लींनी हे गीत संपूर्ण वगळले. त्यामागून येणारी प्रार्थना तेवढी ठेविली. नाटकाच्या १६२२ च्या छापील प्रतीत हे गीत नाही, ते १६२३ च्या संग्रहात आहे, असा आधार कोणी देईल. परंतु हा आधार नाटकापुरता आहे. व्हेर्दींच्या चौथ्या अंकाचा आरंभच इंग्लिश हॉर्न या वाद्यावरील त्या गीताच्या सुरावटीने होतो. तो अंक त्या गीतावर रचलेला आहे.

या दोन निर्णयांचा एकत्र विचार केला पाहिजे. यागोच्या संशयास्पद अवतरणास चित्राची साक्ष मिळाली. देस्देमोनेच्या प्रामाणिक अवतरणास आवाजही मिळाला नाही. जिच्यावर नाटकभर इतरांनी बोलावे आणि जिचे बोलणे कोणी ऐकू नये, अशा स्त्रीवर चित्रपटानेही तोच अन्याय केला. चित्रपटास अवधीची मर्यादा असते व काटछाट अटळ असते, हे खरे. पण काय गाळले यावरून कृतीचा अर्थ कसा लाविला हे कळते.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने ही दोन स्थळे संहिता समोर ठेवून अवश्य अभ्यासावीत. वाक्य कोणाचे आहे, ते कोण सांगत आहे आणि त्याची जबाबदारी कोणावर आहे, हे प्रश्न व्याकरणातील किरकोळ बाबी वाटतात. या नाटकात ते न विचारल्यामुळे एका निरपराध स्त्रीचा प्राण जातो.