धनराजचे गोल किती?

धनराज पिल्लेने भारतासाठी नक्की किती गोल केले, हे कुणालाच माहीत नाही. तुम्ही म्हणाल, गुगल कर. केलंय. कुठे १७०, कुठे ‘१७० च्या वर’, आणि सोबत हमखास एक ओळ, की फेडरेशनने अधिकृत नोंद ठेवलेली नाही. सामने मात्र ३३९, डिसेंबर १९८९ ते ऑगस्ट २००४. म्हणजे तो किती वेळा मैदानात उतरला ते मोजलं, उतरून काय केलं ते मोजायचं राहून गेलं.

आता पुण्याच्याच चंदू बोर्डेंचं बघा. शेवटची कसोटी १९६९ सालची. ५५ कसोटी, ३०६१ धावा, ५ शतकं, ५२ बळी. माझ्या आजोबांच्या तरुणपणातला खेळाडू, पण धाव न् धाव जागेवर आहे. धनराज थांबला तेव्हा लोकांच्या खिशात मोबाइल आले होते.

आकडे नाहीत म्हटल्यावर उरतात त्या आठवणी. आणि मला बोलायचंय ते या आठवणींबद्दल, कारण त्या ऐकून ऐकून मला काहीतरी खटकायला लागलंय. आधीच कबूल करतो: मी त्याला खेळताना पाहिलेलं नाही. २००४ मध्ये मी दुसरीत होतो. माझा धनराज सगळा उसना आहे, बाबांच्या पिढीकडून आलेला. त्यामुळे तो कसा सांगितला जातो याकडे माझं जरा जास्तच लक्ष असतं.

तो साधारण असा सांगितला जातो. खडकीतलं तमिळ कुटुंब, वडील फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करणारे, पाच भाऊ, मोडक्या स्टिका दोरीने बांधून खेळणारे. मग ते उडणारे केस. मग १९९८ चं बँकॉक, ३२ वर्षांनी एशियाडचं सोनं, कॅप्टन धनराज. आणि लगेच त्याला आणि आणखी काही सीनियर खेळाडूंना संघातून वगळणं. मग सिडनी २०००: पोलंडला हरवलं की सेमीफायनल, आणि शेवटच्या दोनेक मिनिटांत पोलंडचा बरोबरीचा गोल. मग अथेन्स, जिथे तो बहुतेक वेळ बाकावर. इथे सांगणाऱ्याचा आवाज खाली येतो आणि वाक्य ठरलेलं असतं: ‘त्याला न्याय मिळाला नाही रे.’

यातलं काहीच खोटं नाही. संदीप मिश्रा यांनी २००७ मध्ये लिहिलेल्या त्याच्या चरित्राचं नावच ‘फरगिव्ह मी अम्मा’ आहे. पण पुन्हा एकदा वाचून बघा वरचा परिच्छेद. यात चेंडू कुठे आहे? तो डावीकडून जायचा की उजवीकडून? स्वतः मारायचा की दुसऱ्याला द्यायचा? पंधरा वर्षांच्या खेळाची आठवण, आणि त्यात खेळच नाही. फक्त अन्याय आहे. अन्यायाची गोष्ट सांगायला हॉकी कळावी लागत नाही, म्हणून ती टिकते. त्यात फेडरेशन खलनायक, आणि आपण सगळे आपोआप धनराजच्या बाजूचे.

खरंच होतो का? खडकी पुण्यात असून पुण्याची नाही. लष्करी हद्द, अ‍ॅम्युनिशन फॅक्टरी, मुंबईहून येताना शिवाजीनगरच्या आधी लागणारं स्टेशन. मराठी माणसाच्या पुण्यात ती कुठे येते? धनराजला वाव मिळाला तो मुंबईत. मोठा भाऊ रमेश आरसीएफकडून खेळायचा, धनराज त्याच्याकडे गेला, मग महिंद्रा अँड महिंद्रा. ‘आपल्या पुण्याचा’ हे आपण नंतर जोडलेलं.

हे सगळं मी बाबांच्या एका मित्राला ऐकवलं. काका खडकीचेच, स्वतः तिथल्या मैदानावर खेळलेले. मला वाटलं चिडतील. ते उठले, दारामागची छत्री घेतली आणि हॉलमध्ये वाकून उभे राहिले. ‘हे बघ, आमचं मैदान मातीचं. खडे. चेंडू कधी उडेल नेम नाही, म्हणून तो स्टिकला चिकटवून ठेवायची सवय. हा टर्फवर गेला आणि त्याला कळलं, इथे उडत नाही! मग हा चेंडू पुढे टाकून पळायचा. डिफेंडरला टाळून नाही, सरळ त्याच्या अंगावर.’ छत्री टीपॉयला लागली. काकू आतून ओरडल्या. ‘आणि पास द्यायचा तिथे द्यायचा नाही कधीकधी. आम्ही टीव्हीसमोर शिव्या घालायचो.’

मला हे सगळ्यात आवडलं. इतक्या आठवणी ऐकल्या, धनराजला शिव्या घालणारी ही पहिलीच, आणि यातच खेळ दिसला.

पुढे काका म्हणाले, बँकॉकच्या फायनलला शेवटच्या मिनिटात धनराजने विनिंग गोल मारला. मी फोन काढला. कोरियाशी १-१, निकाल पेनल्टी स्ट्रोकवर, आणि गोलमध्ये उभा राहून तो सामना काढला आशिष बल्लाळने. काकांनी छत्री जागेवर ठेवली. ‘बरं, मग तूच सांग,’ म्हणाले.

घरी येऊन जुन्या क्लिप पुन्हा पाहिल्या. धूसर, चेंडू दिसतच नाही. पण धनराज दिसतो. धावताना पाठ वाकलेली, मान जवळजवळ स्टिकवर. दोघं अंगावर येतात, तो एकाला खांदा दाखवतो आणि दुसऱ्याच बाजूने गोलरेषेपर्यंत जाऊन चेंडू मागे, डीमध्ये ढकलतो. तिथे बऱ्याचदा कुणी नसतं. काका म्हणाले ते खरं, पास उशिरा येतो. पण तो एवढा वेगात पुढे जातो की वेळेवर द्यायला मागे कुणी पोचलेलंच नसतं, हेही खरं.

चाहते प्रेमापोटी एक गोष्ट बोलत नाहीत, ती इथे लिहितो. त्याच्या चार विश्वचषकांत भारत दहावा, पाचवा, नववा, दहावा. चार ऑलिंपिकमध्ये सातवा, आठवा, सातवा, सातवा. आठ स्पर्धा, पदक एकही नाही. हे लपवून धनराज मोठा होत नाही. सातव्या नंबरच्या संघाचा सामना लोक रात्री जागून बघायचे, कारण त्यात हा एक माणूस होता. हे कौतुक ‘अन्याय झाला’पेक्षा मला जास्त खरं वाटतं. आणि २००३ चा आशिया कप, पाकिस्तानला फायनलमध्ये ४-२ ने हरवून भारताने पहिल्यांदाच जिंकलेला, तेव्हाही कॅप्टन हाच. तो कुणाच्या आठवणीत फारसा येत नाही. त्यात रडण्यासारखं काही नाही ना.

मी एक शीट बनवली आहे. ३३९ ओळी. तारीख, प्रतिस्पर्धी, निकाल, धनराजचे गोल. जुन्या पेपरांतल्या बातम्या शोधून रात्री भरतो. शेवटचा रकाना रिकामा ठेवताना शून्य टाकायचं नाही हा मी स्वतःला घातलेला नियम आहे. माहीत नसणं आणि गोल न होणं यात फरक आहे. आत्तापर्यंत अकरा ओळी झाल्यात. त्यातल्या तीन ठिकाणी ‘काकांना विचारणे’ असं लिहिलंय, आणि काका दर वेळी आधी ‘मारलाच असणार’ म्हणतात, मग थोडं थांबून, ‘नाही, लिहू नकोस अजून.’